स्त्री जननसंस्था : रचना व परिभाषा

अंडपेशी तयार करणे, ती शुक्रपेशीला भेटेल अशा जागी पोहोचवणे, गर्भ वाढवणे आणि त्याला जन्म देणे ही कामे करणारा अवयवसमूह. दोन अंडाशये, दोन अंडवाहिन्या, गर्भाशय आणि योनिमार्ग हे अवयव ओटीपोटात असतात, मूत्राशयाच्या मागे आणि गुदाशयाच्या पुढे. बाहेरून दिसणाऱ्या भागाला भग म्हणतात.

गर्भाशय : बोलीत ‘पिशवी’. आकार उलट्या धरलेल्या नासपतीसारखा, लांबी सुमारे 7.5 सेंमी. वरचा घुमटासारखा भाग बुध्न, मधला काया, खालची अरुंद मान ती ग्रीवा, म्हणजेच गर्भाशयमुख. भिंत मुख्यतः जाड स्नायूंची असते. प्रसूतीच्या कळा म्हणजे याच स्नायूंचे आकुंचन. आतले अस्तर, म्हणजे अंतःस्तर, दर महिन्याला जाड होते आणि गर्भ रुजला नाही तर रक्तासह बाहेर पडते. हीच मासिक पाळी. ग्रीवेवर दोन प्रकारच्या पेशींची सीमा असते. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुधा तेथेच सुरू होतो, म्हणून पॅप तपासणीत त्याच जागेच्या पेशी घेतात.

‘पिशवी काढली’ या शब्दांतून शस्त्रक्रियेची पुरी माहिती मिळत नाही, आणि ती मिळणे महत्त्वाचे आहे. केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण अंडाशये संप्रेरके तयार करत राहतात. पाळी चालू असण्याच्या वयात दोन्ही अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती एकदम येते. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, पुढे हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. ग्रीवा मागे ठेवली असेल, तर तिची तपासणी चालू ठेवावी लागते. म्हणून नेमके काय काढले हे रुग्णाने विचारून, कागदावर लिहून घेतलेले बरे.

अंडाशय : यालाच बीजांडकोश किंवा ओव्हरी म्हणतात. साधारण बदामाएवढा हा अवयव इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकेही तयार करतो. जन्मतः दोन्ही अंडाशयांत मिळून 10 ते 20 लाख अपक्व अंडपेशी असतात. त्यांतल्या जेमतेम 400 ते 500 आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात. अंडपेशी ज्या द्रवाने भरलेल्या पुटकात वाढते त्याला डच वैद्य रेनिए द ग्राफ यांचे नाव आहे. त्यांनी 1672 साली त्याचे वर्णन केले, मात्र पुटकालाच अंडे समजले. सस्तन प्राण्याची खरी अंडपेशी कार्ल अर्न्स्ट फोन बेअर यांना 1827 मध्ये दिसली.

अंडवाहिनी : ‘गर्भनलिका’ किंवा नुसती ‘नळी’, इटालियन शरीरशास्त्रज्ञ गाब्रिएले फालोप्पिओ यांच्यावरून फॅलोपी नलिका. लांबी 10 ते 12 सेंमी. ती अंडाशयाला थेट चिकटलेली नसते. तिच्या टोकाची झालरीसारखी बोटे बाहेर पडलेली अंडपेशी आत ओढतात. फलन गर्भाशयात नव्हे, या नळीच्या रुंद भागात होते. गर्भ तिथेच अडकून रुजला, तर वाढत्या गर्भाने नळी फुटून जीव धोक्यात येऊ शकतो.

योनिमार्ग आणि भग : बोलताना दोन्हींना ‘योनी’ म्हटले जाते. योनिमार्ग ही ग्रीवेपासून बाहेरपर्यंत जाणारी लवचीक स्नायुमय नळी. भग म्हणजे बाह्य भाग. त्यात मोठे व लहान भगोष्ठ, शिश्निका (क्लिटोरिस), मूत्रद्वार आणि योनिद्वार येतात. मूत्रद्वार व योनिद्वार वेगवेगळी असतात, हे स्पष्ट सांगायला हवे. अनेकींना ते मोठेपणीही ठाऊक नसते. शिश्निकेचा बाहेर दिसतो तो केवळ टोकाचा अंश, बाकीचा भाग आत पसरलेला असतो.

परिभाषेतही संकोच उतरला आहे. भगासाठी वापरला जाणारा ‘पुडेंडम’ हा शब्द ‘लाज वाटणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला. मराठीतला ‘कौमार्यपटल’ असाच दिशाभूल करणारा. योनिद्वाराशी असलेला हा पडदा जन्मतःच अपुरा असतो, त्याचा आकार व्यक्तीगणिक बदलतो, तो खेळताना किंवा इतर कारणांनीही ताणला जातो, आणि संभोगानंतर अबाधितही राहू शकतो. त्यावरून कौमार्य ठरवता येत नाही. ‘योनिपटल’ हा शब्द अवयवाचे ठिकाण सांगतो, चारित्र्याबद्दल काही बोलत नाही; तोच वापरावा.