मॅन्युअलची इंग्रजी भारदस्तच हवी?

सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमधली वाक्यं पॅसिव्ह व्हॉइसमध्ये असावीत आणि वाचकाला 'यू' म्हणू नये, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांच्याही लेखन-मार्गदर्शिका उलटच सांगतात: वाचकाशी थेट बोला, कर्ता दिसू द्या. मायक्रोसॉफ्टला तर 'इट्स', 'डोन्ट' अशी बोलण्यातली रूपंही चालतात.

'द फाइल शुड बी डिलीटेड' वाचून फाइल आपण उडवायची की प्रोग्रॅम उडवणार, हे कळत नाही. 'डिलीट द फाइल' म्हटलं की प्रश्नच मिटतो. (भारदस्तपणापायी डेटा गेला, तर दोष कुणाला द्यायचा?)

पॅसिव्हवर सरसकट बंदी मात्र नाही. कुणी केलं याला महत्त्व नसेल, नुसता परिणाम सांगायचा असेल, तिथे 'द फाइल इज सेव्ह्ड' अगदी सहज वाटतं.