चांदीच्या जुन्या चिमट्यावरील छाप कसे वाचावेत

साखरेचे खडे उचलण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये घडवलेल्या चांदीच्या चिमट्याचे वय त्याच्या नक्षीवरून ठरवणे धोक्याचे असते, कारण लोकप्रिय नक्षी पुढे कितीतरी वर्षे गिरवली जात असे. खात्रीचा पुरावा बहुधा भुजांच्या आतल्या बाजूस, भिंगाखालीच नीट दिसेल इतक्या बारीक छापांत असतो.

त्यांतला पाऊल उचलून चालणारा सिंह हजार भागांत किमान 925 भाग शुद्ध चांदी असल्याची ग्वाही देतो. हा छाप 1544 पासून वापरात आला. तो उमटवण्यापूर्वी वस्तूचा थोडा कीस काढून, तो शिशात गुंडाळून, हाडांच्या राखेच्या मुशीत तापवत. शिसे आणि तांबे यांची ऑक्साइडे मुशीत शोषली जात आणि उरलेल्या चांदीच्या मण्याचे वजन कस सांगत असे. कस कुठल्या शहरात तपासला, हे सांगणारी खूणही असते: जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा आणि मुकुट शेफील्डचा. कस तपासणारी ही दोन्ही केंद्रे 1773 मध्ये सुरू झाली. लंडनची खूण म्हणजे बिबट्याचे मुख, पण लहान वस्तूंवर ती पुष्कळदा मारलीच जात नसे, म्हणून ती नसलेला चिमटा लगेच बनावट ठरवू नये.

खरी गंमत वर्षाक्षरात, म्हणजे कस तपासल्याचे वर्ष सांगणाऱ्या अक्षरात आहे. लंडनमध्ये वीस अक्षरांचे चक्र चाले आणि अक्षर मे महिन्यात बदले, त्यामुळे एका अक्षरात दोन इसवी सनांचे भाग येतात. रोमन लिपीतले लहान 'एफ' 1781 चेही असू शकते आणि 1821 चेही. इथे राजाचे मस्तक निर्णायक ठरते: चांदीवरील कर भरल्याची ही खूण 1 डिसेंबर 1784 ला सुरू झाली आणि 1890 मध्ये बंद झाली. मस्तक असेल तर 1781 बाद होते. छाप एकेकटे न वाचता एकमेकांशी ताडून पाहावेत असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते, ते यासाठीच.

कारागिराच्या आद्याक्षरांबाबत मात्र संयम हवा. लंडनच्या चांदीकार हेस्टर बेटमन यांनी 1761 मध्ये नोंदवलेली वळणदार 'एचबी' ही खूण संग्राहकांना फार प्रिय आहे, पण ती वस्तू कसासाठी पाठवणाऱ्या कारखान्याची ओळख आहे. चिमटा त्यांनी स्वतःच्या हाताने घडवला असे तिच्यावरून सिद्ध होत नाही.

ठशाने मारलेल्या छापाच्या कडा मुळात रेखीव असतात. अस्सल वस्तूचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत त्या बोथट होतात आणि खोलगट भागात बारीक छिद्रे दिसतात. अनेक नगांवर सगळे छाप नेमक्या त्याच जागी, त्याच तिरकेपणाने आढळले तर संशय पक्का होतो. बर्मिंगहॅमचे उद्योजक एल्किंग्टन यांच्या 1840 च्या पेटंटनंतर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देणे रूढ झाले. अशा मालावरची चौकटीतली अक्षरे पहिल्या नजरेला हॉलमार्कसारखीच भासतात, पण त्यांत सिंह नसतो, आणि झिजलेल्या कडांवर आतला पिवळसर धातू डोकावतो.

छाप अस्सल निघाले तरी वरची कमान तपासावीच, कारण वारंवार दाबला जाणारा चिमटा तिथेच तुटतो. तिच्यावर श्वास सोडला की बाष्पाच्या थरात जुन्या डाकाची, म्हणजे धातूच्या जोडाची, रेघ वेगळ्या रंगाने उठून दिसते.