घरावर तिरंगा, लेटरहेडवर राजमुद्रा: परवानगी कशाला लागते आणि कशाला नाही

ऑगस्ट जवळ आला की नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात तिरंगे दिसू लागतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न येतो, गच्चीवर झेंडा लावायचा तर अर्ज कुठे करायचा? कुठेच नाही. घर, दुकान, शाळा, सोसायटी, कुठेही राष्ट्रध्वज लावायला नागरिकाला परवानगी लागत नाही, फी लागत नाही. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेल्या ध्वजसंहितेने ही मोकळीक दिली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की सन्मानाने ध्वज फडकवणे हा घटनेच्या कलम १९(१)(अ) खालचा हक्क आहे. परवानगी काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

नागपूरकरांनी तर हा हक्क विशेष जपावा. १९२३ मध्ये सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जायला इंग्रज सरकारची मनाई होती. ती मोडायला मे महिन्यापासून सत्याग्रहींच्या तुकड्या निघत आणि अटक होत. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली आणि १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. तेव्हाच्या झेंड्यावर चरखा होता. आजचा, अशोकचक्राचा ध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. ध्वजासाठी नेमलेल्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते.

परवानगी नाही, पण नियम आहेत. विकत घेताना झेंडा उलगडून बघा: लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, चक्र दोन्ही बाजूंनी दिसणारे, गडद निळे, आरे मोजून २४. बरेच स्वस्त झेंडे इथेच चुकतात. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टर आणि यंत्रावर केलेला ध्वजही चालतो. जुलै २०२२ पासून घरावरचा ध्वज रात्रीही ठेवता येतो. ध्वजावर काही लिहायचे नाही, त्याच खांबावर दुसरा झेंडा लावायचा नाही. फाटलेला, विटलेला ध्वज लगेच उतरवा आणि एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करा. जाणूनबुजून अपमान केला तर १९७१ च्या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

कागदपत्रांचा प्रश्न येतो तो उंच खांब उभारताना, आणि तो खांबासाठी, ध्वजासाठी नव्हे. सोसायटीच्या सभेचा ठराव, जागेची मालकी दाखवणारा कागद, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला एवढे आधी जमवा आणि महापालिकेत विचारा. जागा सोसायटीची नसेल तर ज्या संस्थेची आहे तिची लेखी संमती घ्या. सोनेगाव विमानतळाच्या बाजूला राहत असाल तर उंचीच्या ना-हरकत दाखल्याची चौकशी खांबाची ऑर्डर देण्याआधी करा.

राजमुद्रेचे सगळे उलट आहे. ध्वज लोकांचा, राजमुद्रा सरकारची. सारनाथच्या अशोकस्तंभाचे हे शीर्ष २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारले गेले. सिंह चार, दिसतात तीन. खालच्या पट्टीवर मधोमध चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. त्याखाली मुंडकोपनिषदातले ‘सत्यमेव जयते’, आणि हे शब्द नसतील तर मुद्रा अपुरी मानली जाते. ज्या कागदावर ती असते तो कागद राज्यसंस्थेच्या नावाने बोलतो, म्हणून २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम इतके कडक आहेत. राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायाधीश, मंत्रालये, खासदार, आमदार अशी पात्रांची यादीच ठरलेली आहे. त्यांनाही मुद्रेच्या लेटरहेडवर नावासोबत वकील, संपादक, चार्टर्ड अकाउंटंट असे छापता येत नाही. माजी मंत्री, माजी आमदार, निवृत्त अधिकारी, स्वयंसेवी संस्था, संघटना कोणीही पात्र नाहीत. बाइकच्या नंबर प्लेटवरचे तीन सिंहांचे स्टिकर तर आजच काढा. सामान्य माणसाने यासाठी अर्ज करण्यात वेळ घालवू नये. बेकायदा वापराला दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आता धंद्याच्या नावाचे आणि चिन्हाचे, कारण आपल्या शहरात हे जास्त लागू पडते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर धम्मचक्र नागपूरच्या घराघरात आहे आणि विहारात किंवा घरी लावलेल्या चक्राशी १९५० च्या चिन्हे व नावे कायद्याला काही देणेघेणे नाही. पण त्या कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे जोडलेल्या यादीत, ‘अशोकचक्र’ आणि ‘धर्मचक्र’ हे शब्द व ध्वजावरच्या चक्राचे चित्र आहे. महात्मा गांधी आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्रही आहे. धंदा, पेशा किंवा ट्रेडमार्कसाठी यांतले काही वापरायचे असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणून बोर्ड रंगवण्याआधी, शिक्का बनवण्याआधी अनुसूची वाचा. नोंदणी अधिकाऱ्याला शंका आली तर तो प्रकरण केंद्राकडे पाठवू शकतो आणि तिथला निर्णय अंतिम असतो.