नीरो खरंच फिडल वाजवत बसला होता का?

‘रोम जळत होतं आणि नीरो फिडल वाजवत होता’ हे आपण रोमन सम्राट नीरोबद्दल शाळेपासून ऐकतो. पण फिडल, म्हणजे व्हायोलिनसारखं वाद्य, युरोपात आलं कित्येक शतकांनी. नीरो वाजवायचा तो किथारा, लायरसारखं तंतुवाद्य.

आग लागली इ.स. ६४च्या जुलैत. तेव्हा तो रोमपासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या अँटियम शहरात होता. परतल्यावर त्याने बेघरांसाठी आपल्या बागा उघडल्या, धान्याचा भाव उतरवला. हे लिहिणारा रोमन इतिहासकार टॅसिटस काही नीरोचा चाहता नव्हता, म्हणून जास्त पटतं. आगीच्या वेळी नीरो प्राचीन ट्रॉय शहराच्या विनाशावर गायला, ही टॅसिटसच्या लेखी अफवाच. ‘अ‍ॅनल्स’ या त्याच्या ग्रंथाच्या १५व्या खंडातलं ३९वं प्रकरण वाचा, इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं.

अफवेला खतपाणी मात्र नीरोनेच घातलं: जळालेल्या जागेवर त्याने स्वतःसाठी ‘डोमस ऑरिया’, म्हणजे सोन्याचा महाल, उभारला.