सलग २७ थ्री चुकले, त्याला पनवती म्हणू नका

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे प्लेऑफ (सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्या) रंगात आले की ह्यूस्टन रॉकेट्सची २८ मे २०१८ ची मॅच कुठून ना कुठून निघतेच. वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलची, म्हणजे लीगच्या सेमीफायनलची, सातवी आणि निर्णायक मॅच (आधी चार जिंकेल ती टीम पुढे), स्वतःच्याच घरी, समोर गोल्डन स्टेट वॉरियर्स, हाफटाइमला रॉकेट्स ५४-४३ ने पुढे. पण मधेच थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट, बास्केटमध्ये जायचे बंद झाले आणि एकामागून एक सलग २७ चुकले. मॅच गेली १०१-९२ ने. ४४ थ्री मारले, गेले फक्त ७. मग २०२५ मध्ये बोस्टन सेल्टिक्सने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध ६० पैकी ४५ चुकवले आणि २० पॉइंटची लीड घालवली, तेव्हा परत तीच चर्चा सुरू, की टीमला शाप आहे, पनवती लागली, प्लेयर दडपणाला घाबरले, थ्री-पॉइंटचं गणितच फसवं आहे वगैरे.

मला यातलं काहीच पटत नाही, आणि का पटत नाही ते आकड्यांनी सांगता येतं.

त्या सीझनला रॉकेट्सचे साधारण ३६ टक्के थ्री जायचे, म्हणजे एक थ्री चुकायची शक्यता ०.६४. सलग २७ चुकायचे तर ०.६४ ला स्वतःनेच २७ वेळा गुणायचं, उत्तर येतं साधारण १ लाख ७० हजारांत एक. हा आकडा ऐकला की कुणालाही वाटणार, यात काहीतरी दैवी आहे! पण हे गणित अर्धवट आहे, कारण ती रांग पहिल्याच शॉटपासून सुरू व्हायला हवी असं कुठे आहे? ४४ शॉटमध्ये ती दुसऱ्यापासून, पाचव्यापासून, अगदी अठराव्यापासूनही सुरू होऊ शकते. ते सगळं धरलं की शक्यता होते साधारण २४ हजारांत एक. आता लीगमध्ये ३० टीम, प्रत्येकीच्या ८२ मॅच, म्हणजे एका सीझनमध्ये २४६० वेळा कुठली ना कुठली टीम मैदानात उतरते. सगळ्यांनी रॉकेट्सइतके थ्री मारले तर दहाएक सीझनमध्ये एकदा असं नुसत्या योगायोगानेही होणार. दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या गोष्टीसाठी शाप कशाला लागतो?

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग याच्यापुढे आहे. वरचं गणित धरून चालतं की त्या रात्रीही टीम ३६ टक्क्यांचीच होती. समजा ती ३० टक्क्यांची झाली होती. फक्त सहा टक्क्यांचा फरक, म्हणजे शंभर शॉटमागे सहा, टीव्हीवर बघताना लक्षातही येणार नाही. पण आता ०.७ चा सत्ताविसावा घात काढायचा आणि रांग कुठूनही सुरू होऊ शकते हे धरायचं, तर उत्तर येतं अडीच हजारांत एक. म्हणजे जवळपास दहापट! सरासरी थोडीशी सरकली की टोकाला असलेल्या, क्वचित घडणाऱ्या गोष्टींची शक्यता कितीतरी पटीने वाढते, कारण तो छोटासा फरक गुणाकारात २७ वेळा येतो. पूर, उष्णतेच्या लाटा यांच्या अभ्यासातही टोकाच्या घटना याच पद्धतीने वागतात. म्हणून नशीब की कमजोरी हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. टीमच्या ताफ्यातली छोटी कमजोरी वाईट नशिबाची शक्यताच वाढवते.

आणि कमजोरी होतीच. पाचवी मॅच रॉकेट्सने ९८-९४ ने जिंकली, सिरीजमध्ये ३-२ ने पुढे गेले, पण त्याच मॅचच्या शेवटच्या मिनिटात क्रिस पॉलचा उजवा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दुखावला, वय ३३, उरलेल्या दोन्ही मॅच तो बेंचवर बसून होता. कोच माइक डॅंटोनी आधीच मोजकेच प्लेयर खेळवायचे, आता त्यातलाही एक गेला. बॉल घेऊन स्वतः शॉट तयार करणारे त्या टीममध्ये मुख्य दोनच, हार्डन आणि पॉल, त्यामुळे सगळा भार हार्डनवर आला. थ्री म्हणजे बास्केटपासून सात मीटरच्या आसपासचा शॉट, त्याची ताकद पायातून येते, आणि पाय थकले की तेच हात, तीच नजर असून शॉट कमी पडतात. हार्डनचे १३ पैकी २ थ्री गेले, एरिक गॉर्डनचे १२ पैकी २, ट्रेव्हर अरिझाने ९ थ्री मारले, एकही गेला नाही.

पॉलचं दुसरंही एक महत्त्व होतं. तो मिड-रेंजचा, म्हणजे थ्रीच्या रेषेच्या आतून मारलेल्या दोन पॉइंटच्या शॉटचा उस्ताद, थ्री बंद पडले की जाऊन दोन-दोन पॉइंट आणणारा. तो गेल्यावर टीम कोरडवाहू शेतात एकच पीक घेतल्यासारखी झाली, पाऊस हुकला की सगळंच गेलं. स्टॅटिस्टिक्सच्या भाषेत सांगायचं तर ४४ थ्री, ३६ टक्के, सरासरी १६ जायला हवेत आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतं ते) येतं ४४ गुणिले ०.३६ गुणिले ०.६४ चं वर्गमूळ, म्हणजे ३.२. एका रात्रीत तीन-चार थ्री इकडेतिकडे, म्हणजे दहाएक पॉइंट, हे अगदी रोजचं झालं. आणि रॉकेट्स हरले किती पॉइंटने? नऊ. अजून फक्त चार थ्री गेले असते तरी, बाकी सगळं तेच राहिलं तर, ते फायनलमध्ये होते. सीझनभराच्या साडेतीन हजारांच्या आसपास थ्रींमध्ये ही हालचाल एका टक्क्याच्याही आत येते, म्हणूनच ६५ मॅच जिंकणारी टीम सीझनभर खंबीर दिसते आणि एका रात्रीत कोसळते.

यावरून प्लेऑफचं भाकीत किती अवघड आहे ते बघा. प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता ६० टक्के असलेली टीम सात मॅचची सिरीज ७१ टक्के वेळा जिंकते. ऐकायला छान वाटतं, पण टायटलसाठी अशा चार सिरीज लागतात, चारही जिंकायची शक्यता २५ टक्के. म्हणजे टीम प्रत्येक राऊंडला सरस असूनही चारातल्या तीन वेळा टायटल दुसऱ्याचं! तरी दरवर्षी ज्योतिषी आणि चॅनलवाले एप्रिलमध्येच चॅम्पियन जाहीर करतात, आणि चुकल्यावर कुणी विचारत नाही.

त्या हारीनंतर बरेच जण म्हणाले की थ्री कमी करा. रॉकेट्सने उलट पुढच्या सीझनला अजून जास्त मारले आणि माझ्या मते ते बरोबर होतं, कारण ३६ टक्के गुणिले ३ म्हणजे शॉटमागे १.०८ पॉइंट, आणि ४० टक्क्यांनी जाणारा मिड-रेंज देतो ०.८. चूक झाली ती वेगळीकडे. त्याच उन्हाळ्यात अरिझा आणि लुक एमबा आ मुटे हे दोन चांगले डिफेंडर टीम सोडून गेले, म्हणजे आधीच तोकड्या असलेल्या बेंचमधून अजून दोन कमी. ६५ विजयांचे ५३ झाले आणि २०१९ च्या दुसऱ्या राऊंडमध्ये वॉरियर्सनीच त्यांना ४-२ ने घरी पाठवलं, तेही शेवटच्या मॅचमध्ये केविन ड्युरंट दुखापतीमुळे खेळत नसताना.