मूलभूत स्वच्छता सुविधा (गोवा)

मूलभूत स्वच्छता सुविधा : मलमूत्राचा माणसाशी संपर्क येऊ न देणारे आणि दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घ्यावे न लागणारे शौचालय उपलब्ध असणे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणीत हाच निकष लावला जातो. मैला जागच्या जागी निरुपद्रवी होत असेल किंवा वाहून नेऊन त्यावर प्रक्रिया केली जात असेल, तर ती सुविधा त्याच्या वरच्या, म्हणजे सुरक्षित व्यवस्थापनाच्या पायरीवर येते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 28 जुलै 2010 रोजी पाणी आणि स्वच्छता यांना मानवी हक्क म्हणून मान्यता दिली. भारतासारख्या विकसनशील देशात या विषयाची चर्चा बहुधा शौचालये किती बांधली एवढ्यावरच थांबते. गोव्यात मात्र वरची पायरी गाठणे अधिक अवघड आहे आणि त्याचे मोठे कारण येथील जमिनीतच आहे.

मैल्याने दूषित झालेल्या पाण्याची किंमत गोव्याने फार पूर्वी मोजली आहे. 1543 मध्ये गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात, पटकीसारख्या रोगाची भीषण साथ आली. गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज इतिहासकाराने तिचे वर्णन करताना रोगाचे जे स्थानिक नाव नोंदवले, ते आपल्या ‘मोडशी’ या शब्दाचेच रूप होय. हा शब्द युरोपीय भाषांत अपभ्रष्ट होत गेला आणि फ्रेंचांनी तर त्यातून ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ काढला. सच्छिद्र जमिनीतून घाण विहिरींत झिरपत राहिली, साथी वारंवार आल्या आणि एके काळचे वैभवशाली शहर ओस पडत गेले. 1759 मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीला हलवले आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. शहराच्या ऱ्हासाला व्यापारी आणि राजकीय कारणेही होती, परंतु विहिरींच्या पाण्याचा वाटा त्यात लहान नव्हता.

खेड्यापाड्यांत पहाटे किंवा तिन्हीसांजेनंतर ‘परसाकडे’ जाण्याचा, म्हणजे काजूच्या बागेत, माळावर किंवा ओहोळाकाठी बसण्याचा प्रघात होता. दिवसभर कळ दाबून अंधाराची वाट पाहणाऱ्या बायकांचे हाल त्यात सर्वाधिक होत. गोव्याच्या काही भागांत, विशेषतः ख्रिस्ती वस्तीत, शौचकूपाच्या खाली डुकरे सोडलेली असत आणि मैला तीच खाऊन टाकत. या पद्धतीत पाणी आणि मजुरी दोन्ही वाचत असली, तरी डुकरांमार्फत फीतकृमीचा प्रसार होण्याचा धोका होता. ही पद्धत आता जवळजवळ लोपली आहे.

2011 च्या जनगणनेनुसार गोव्यातील सुमारे 80 टक्के कुटुंबांच्या घरी शौचालय होते. देशाचे प्रमाण त्या वेळी सुमारे 47 टक्के होते. 2014 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानानंतर शौचालयांची संख्या वाढली. 2 ऑक्टोबर 2019 रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला, त्यात गोवाही होता. त्याच सुमारास राज्यात जैवशौचालयेही देण्यात आली. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने विकसित केलेल्या या पद्धतीत हवेशिवाय जगणारे जिवाणू टाकीतील मैल्याचे विघटन करतात.

मात्र शौचालयातून पाणी सोडल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न उरतोच. गोव्याचा मोठा भाग जांभ्या दगडाचा आहे. जांभ्यातील छिद्रे आणि पोकळ वाटा यांतून पाणी भराभर वाहते, त्यामुळे मातीच्या जाड थरात जसे गाळले जाते तसे ते येथे गाळले जात नाही. राज्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात भूजल इतके वर येते की सखल भागांतील आणि खाजनांच्या, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनींच्या, कडेचे शोषखड्डे तळापासून पाण्याने भरतात. सेप्टिक टाकीत मैला केवळ अंशतः कुजतो; तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू जिवंत असतात आणि पुढची शुद्धी शोषखड्ड्याभोवतीच्या जमिनीने करावी अशी अपेक्षा असते. जेथे जमीनच गाळत नाही, तेथे हे पाणी थेट विहिरीच्या झऱ्यांकडे निघते. अंगणात विहीर आणि परसात शोषखड्डा असलेल्या घरांत, त्यातही टाकीचा तळ बांधलेला नसेल तर, विषमज्वर, कावीळ आणि अतिसार यांचा धोका त्यामुळे वाढतो. शौचालयाच्या जागेआधी विहिरीची जागा आणि पावसाळ्यातील पाण्याची पातळी पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

यावर शहरांतील उपाय म्हणजे मलनिस्सारण वाहिन्या. पणजीत टोंक येथे दिवसाला 1.25 कोटी लिटर क्षमतेचा प्रक्रिया प्रकल्प आहे. मडगाव आणि वास्को येथेही प्रकल्प आहेत. परंतु वाहिनी दारावरून गेली तरी प्रत्येक घर तिला जोडले जातेच असे नाही. मडगावजवळून वाहत बेतुलला समुद्रास मिळणाऱ्या साळ नदीचा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नद्यांच्या यादीत होता.

ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांची अडचण निराळी आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला 1975 च्या कायद्याने निष्कासनापासून संरक्षण मिळाले, तरी घराबाहेर शौचालय बांधायचे म्हटले की संमतीचा प्रश्न येतो. बांधकामांवर आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांच्या अनेक कुटुंबांना एकच शौचकूप वाटून घ्यावे लागते. वर दिलेल्या व्याख्येप्रमाणे ही मूलभूत सुविधा ठरत नाही.

टाक्या उपसणाऱ्या माणसांचा उल्लेख या विषयात सहसा शेवटी येतो किंवा येतच नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा 1993 चा केंद्रीय कायदा ज्या सहा राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवर आधारलेला होता, त्यांत गोवा होते. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवण्यासही मनाई केली. बंद टाकीत साठलेला हायड्रोजन सल्फाइड वायू काही श्वासांतच माणसाची शुद्ध हरपवू शकतो आणि त्याला वाचवायला उतरलेला सोबतीही बहुधा तेथेच कोसळतो. अशा मृत्यूसाठी कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी दिला.