कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी: कागदपत्रे कोणती, आणि पाहुण्याला इजा झाली तर जबाबदारी कोणाची?

हुरडा पार्टी असो की मुक्कामी सहल, पैसे घेऊन शेतावर पाहुणे बोलावायचे असतील तर महाराष्ट्रात पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणी करता येते. सप्टेंबर 2020 च्या धोरणाने ही सोय झाली. वैयक्तिक शेतकरी, कृषी सहकारी संस्था, शेतकऱ्यांची भागीदारी संस्था किंवा कंपनी, कृषी विज्ञान केंद्र, कृषी महाविद्यालय यांना अर्ज करता येतो. शेती किमान एक एकर हवी. राहण्याच्या खोल्या जास्तीत जास्त आठ.

अर्ज ऑनलाइन भरायचा. सोबत सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, अन्न परवाना आणि ग्रास (सरकारी शुल्क ऑनलाइन भरण्याची सोय) प्रणालीवर भरलेल्या 2,500 रुपयांचे चलन. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याचे 1,000 रुपये. सातबाऱ्यावर भावांची नावे असतील तर त्यांचे संमतीपत्र आधीच करून ठेवा. केंद्र चालू लागल्यावर घरात वाद निघण्यापेक्षा ते बरे.

एवढे झाले की प्रमाणपत्र मिळते. पण ते मिळाले म्हणून जबाबदारी सरकारकडे गेली, असे अजिबात नाही.

तिकीट घेतले की पाहुणा ग्राहक होतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तो स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, म्हणजे जुन्नरच्या शेतकऱ्याला ठाण्याच्या ग्राहक आयोगात हेलपाटे घालावे लागू शकतात. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. मृत्यू झाला आणि निष्काळजीपणा दिसला तर भारतीय न्याय संहितेचे कलम 106 लागू शकते. जनावर नीट न बांधल्याबद्दल कलम 291 वेगळे आहे. मारका बैल पोरांच्या घोळक्यात मोकळा सोडणाऱ्याने ते वाचलेले बरे. फुकट आलेला पाहुणा ग्राहक नसला तरी निष्काळजीपणाचा दावा तो करू शकतोच.

‘आपापल्या जबाबदारीवर यावे’ ही पाटी लावून सुटका होत नाही. ‘शेततळ्यात उतरू नये’ ही पाटी मात्र उपयोगाची, पण कुंपणासोबतच. प्लास्टिक अस्तराचे शेततळे ही माझ्या मते शेतावरची सर्वात धोक्याची जागा: अस्तर शेवाळून निसरडे होते, पोहता येणाऱ्यालाही काठ चढवत नाही. भोवती जाळी, फाटकाला कुलूप, आत सोडलेले दोर आणि फुगवलेली ट्यूब एवढे हवेच. विहिरीला कठडा आणि वर जाळी. सर्पदंशावरचे औषध (प्रतिविष) कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे, हे चौकशी करून भिंतीवर लिहा.

ट्रॉलीतून शेतफेरी सगळ्यांना आवडते, पण शेतीसाठी काढलेल्या ट्रॅक्टर विम्यात ट्रॉलीतले पाहुणे सहसा बसत नाहीत. अपघात झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून. त्यापेक्षा पायी फिरवा.

विमा घेताना ‘पब्लिक लायबिलिटी पॉलिसी’, म्हणजे पाहुण्यांना झालेल्या इजेची भरपाई देणारी पॉलिसी, मागा, पण एजंट 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालची पॉलिसी पुढे करत असेल तर थांबा; तो कायदा घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आहे. पॉलिसीत पाण्यातले अपघात, जनावरांमुळे झालेली इजा आणि अन्नातून विषबाधा धरली आहे का, ते लेखी विचारा. विमाधारकाचे नाव आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचे नाव एकच ठेवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तेवढ्यावरूनच अडवणूक होते.